नियम एकोणीस, पोटकलम क

तीन दिवसांचं काम. रोजचे अडीच हजार, शिवाय जेवण.
इंदूरच्या बायपासवरलं हॉटेल,
एक्केचाळीस देशांचे खासदार,
आणि खांबाआडच्या टेबलाशी मी,
सहा पेन्सिलींना टोक काढून.
रेकॉर्डिंग होतंच. पण यंत्राला
कोण कुणाच्या बोलण्यावर हसलं ते कळत नाही.

विषय: संघटनेच्या कारभारात सुधारणा.
सरचिटणीस दोनच मुदती राहील.
धनादेशावर दोन सह्या लागतील.
हिशेबतपासनिसाचा अहवाल सगळ्या सभासदांना मिळेल,
नुसत्या कार्यकारिणीच्या कपाटाला नाही.

एवढंच. आणि मी लिहिता लिहिता
रामबागेत पोचले, आमच्या मंडळात.
सत्तावन्न सभासद, एक भाता फाटलेली पेटी,
लग्नाकार्याला भाड्याने जाणाऱ्या दोनशे खुर्च्या
आणि झोकरकर काका, तेवीस वर्षं चिटणीस.
माणूस वाईट नव्हता.
परत आलेल्या खुर्च्या उन्हात उभा राहून मोजायचा,
तुटकी स्वतः ठोकायचा.
किल्ली मात्र जानव्याला.
एका वार्षिक सभेत दादा उठले, म्हणाले,
भाड्याचं पुस्तक जरा बघायला मिळेल का?
मिळेल का, इतकंच.
पुढे अकरा वर्षं आम्हाला
कोजागिरीच्या दुधाचं बोलावणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, सभागृह पेंगत असताना,
एका बेटाच्या सेलोटे बाई उठल्या.
त्यांच्या देशाची वर्गणी थकलेली,
म्हणून बोलायची मुभा, मताची नाही.
म्हणाल्या, आम्ही पैसे का थांबवले ते सांगते.
पावती येत नव्हती.
आठ पत्रं लिहिली. पावती आली नाही.
मी कंसात लिहिलं: हशा.

रात्री सचिवालयातला एक गोडबोल्या मुलगा
मसुदा घेऊन आला. जरा स्वच्छ टाइप करून द्या, मॅडम.
सभेत बोलताना जिथे जिथे 'शॅल' होतं
तिथे आता 'मे'. तीन ठिकाणी.
शॅल म्हणजे करावंच लागेल.
मे म्हणजे, आमच्याकडे तरी,
सुटीचा महिना.
विचारलं तर म्हणाला, मजकूर तोच आहे,
भाषा तेवढी नरम केलीय.
मी टाइप केलं.
समासही दोन्हीकडे सारखे ठेवले.

सकाळी नाश्त्याला सेलोटे बाई शेजारी येऊन बसल्या,
काट्याने पोहे उचलत.
काल मी काय बोलले, वाचून दाखवाल?
मी वही उघडली. वाचलं. हशाही वाचला.
कोण हसलं, त्यांनी विचारलं.
ते लिहायचं नसतं, म्हटलं.
मग त्यांनी मसुदा काढला
आणि एका शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं.
मी पोह्यांवर लिंबू पिळलं.
बराच वेळ पिळलं.

शेवटच्या बैठकीत त्यांनी एकच विचारलं:
हा शब्द कोणत्या सभेत बदलला, तेवढं कार्यवृत्तात दाखवा.
अध्यक्षांनी सरचिटणिसांकडे पाहिलं,
सरचिटणिसांनी त्या मुलाकडे,
मुलाने माझ्याकडे.
बावीस सेकंद.
शांततेला लघुलिपीत खूण नाही.
मी एक ओळ मोकळी सोडली.

दोन सह्यांचं 'शॅल' परत आलं.
बाकीची दोन कलमं पुढच्या अधिवेशनात,
दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कुणाच्या पेन्सिलीखाली.
माझे साडेसात हजार
लॉबीत पाकिटातून मिळाले.
सही कुठेच घेतली नाही.

रामबागेत उतरले तेव्हा मंडळाला कुलूप होतं,
खुर्च्या कुठल्याशा लग्नाला गेलेल्या.
रिक्षावाल्याला म्हटलं, पावती द्या.
रसीद? ऑटो की?
तो हसला. (हशा.)
मग एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर, स्टिअरिंगवर टेकवून,
हळूहळू लिहिलं: एकशे ऐंशी मिळाले.
खाली सही.
तारीख विसरला होता.
ती मी घातली.